रंगावर गेलेला जावई

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत एकोणीसशे नव्वदनंतर ज्यांनी ज्यांनी आपली जुनी मोटरसायकल विकायला काढली, त्यांतल्या निम्म्या लोकांना माझ्या मावससासूबाईंनी रडवलं आहे आणि उरलेल्या निम्म्यांपर्यंत त्या पोचू शकल्या नाहीत, एवढंच. स्वतः मावशींनी आयुष्यात कधी मोटरसायकलचं हँडल हातात धरलं नाही. त्या नेहमी मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या. पण आमच्या सासरच्या नात्यागोत्यात त्यांना विचारल्याशिवाय जुनी गाडी घेणं म्हणजे वडीलधाऱ्यांना न सांगता लग्न ठरवण्यासारखं होतं. कपाळावर विभूतीचे ठसठशीत तीन पट्टे, काठापदराचं लुगडं, आणि पिशवीत चष्मा, विभूतीची डबी, सुपारी आणि दोन स्क्रूड्रायव्हर, अशा थाटात त्या गाडी बघायला निघाल्या की विकणारा आधी हसायचा. नंतर त्याचं हसू हळूहळू कमी कमी होत जायचं.

ही विद्या त्यांच्याकडे आली कशी, याचा उलगडा मला लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी झाला. मावशींचं माहेर हुपरीचं. तिथं घरोघरी चांदीचं काम चालतं तसं त्यांच्याकडेही चालायचं. वडील पैंजण घडवायचे आणि पोरी घुंगरू जोडायच्या. जोडण्याआधी प्रत्येक घुंगरू कानाशी वाजवून बघायचं आणि बद्द आवाजाचं बाजूला टाकायचं, हे काम मावशींकडे असे. लग्न होऊन त्या कोल्हापुरात आल्या, तर नवऱ्याचं उद्यमनगरात मोटरसायकलींचं गॅरेज आणि गॅरेजच्या मागेच घर. नवऱ्याची बोटं केळ्यासारखी. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र कालवून इंजिनाला पाजणारं ते मुठीएवढं भांडं, त्याच्या आतली मोहरीएवढी भोकं त्यांना काही साफ करता यायची नाहीत. नव्या नवरीनं एक दिवस माहेरून आणलेली चांदीची बारीक तार घेतली आणि ती भोकं मोकळी करून दिली. त्या दिवसापासून पुढची तीस वर्षं त्या गॅरेजातला प्रत्येक कार्बोरेटर मावशींच्या हातून गेला. कानाचं तर विचारूच नका. आत स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देता देता त्या ओरडायच्या, "मालक, त्या तिसऱ्या गाडीचं टॅपेट सैल हाय बगा." मालक म्हणजे त्यांचा नवरा. ते काही न बोलता पाना घेऊन तिसऱ्या गाडीकडे वळायचे. त्यांनी आयुष्यभर जेवढे शब्द वापरले असतील तेवढे मावशी एका सकाळी, दूधवाल्याशी, वापरायच्या.

मावशींचं बोलणं खणखणीत कोल्हापुरी. इथल्या बऱ्याच बायकांसारखं त्याही "मी आलो, मी गेलो" असंच बोलायच्या, आणि राग आला की मधेच कानडीत शिरायच्या. कानडी येणाऱ्याला राग कळायचा आणि न येणाऱ्याला नुसता जोर कळायचा, पण काम दोन्हीकडे व्हायचं.

गाडी बघण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. पहिली परीक्षा गाडीची नव्हे, मालकाची. त्याच्या चपला कुठल्या बाजूनं झिजल्यात, नळाला पाणी गळतंय का, दाराची कडी तेल मागतेय का, हे सगळं बघून झाल्यावर त्या घरच्या बाईकडे पाणी मागायच्या. माझ्या मेहुण्यासाठी कागलकडच्या एका गावात गाडी बघायला गेलो होतो, तेव्हा त्या घरातली सून पाण्याचा तांब्या देताना म्हणाली, "गाडी लई चांगली हाय, मावशी. ह्यांचा लई जीव हाय तिच्यावर." मावशींनी पाणी प्यायलं, तांब्या परत दिला आणि गाडीकडे न बघताच परत फिरल्या. रस्त्यात मेहुण्यानं कारण विचारलं तर म्हणाल्या, "बायकू गाडीला चांगली म्हणती, म्हंजे ह्यो माणूस गाडी घिऊन सारखा घराभाईर असतोय. किती पळीवली असंल, हिसाब कर की." दुसरी परीक्षा कार्बोरेटरची. तो त्या स्वतः उघडायच्या, पदरानं पुसायच्या, वास घ्यायच्या, आणि तळाशी गाळ दिसला तर विकणाऱ्याकडे अशा नजरेनं बघायच्या की जणू त्यानं आईला उपाशी ठेवलंय. आणि तिसरी, शेवटची परीक्षा आवाजाची. मावशी गाडी चालू करायला सांगायच्या, दोन पावलं मागे सरायच्या, मान तिरकी करायच्या आणि डोळे अर्धे मिटून ऐकायच्या. समोर गाडीच्या पलीकडे मालक खांद्यावर टॉवेल टाकून उभे असायचे. सगळं अंगण गप्प व्हायचं. मग मावशी म्हणायच्या, "पास," किंवा "न्हाय." पुढे चर्चा नसे.

माझ्यावर ही वेळ आली ती दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराला. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. माझी पाळी बदलली आणि त्या वेळेला कंपनीची बस नव्हती. राजारामपुरीतून रोज तिथं जायचं तर गाडी हवी, आणि नवी घेण्याची ऐपत नव्हती. मी चौकशी केली आणि दोन गाड्या पुढे आल्या. एक शहराबाहेरच्या गावातल्या दूध संस्थेच्या सेक्रेटरीची, साधी कार्बोरेटरवाली, हिरव्या रंगाची. दुसरी आमच्याच राजारामपुरीत क्लास चालवणाऱ्या एका गणिताच्या सरांची, लाल, दोनच वर्षं वापरलेली, आणि तिच्यात त्या काळी नवलाईचं असलेलं फ्युएल इंजेक्शन. कार्बोरेटरच नाही. पेट्रोल किती सोडायचं ते आतला एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. खरं सांगायचं तर माझा जीव त्या लाल गाडीवर होता. पण मावशींना डावलून घेण्याची छाती नव्हती.

रविवारी सकाळी मी त्यांना आणायला उद्यमनगरात गेलो. मालक पांघरूण घेऊन पडले होते. ताप होता आणि सांधे धरले होते. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, तर मावशींनी त्यांना परत आडवं केलं आणि म्हणाल्या, "तुमी काय करनार हाय तिथं? हुबंच ऱ्हाता न्हवं नुसतं." मी निघताना मालकांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. म्हणाले, "पावणं, गाडी चालू केली म्हंजे तुमीबी जरा कान द्या." त्यांच्या मानानं हे भाषणच होतं. तापात बोलतायत, असं मी समजलो.

आधी सरांकडे गेलो. सर बिचारे पांढऱ्या शर्टात हसतमुख उभे होते. मावशींनी त्यांच्या चपला बघितल्या, चष्मा लावला, स्क्रूड्रायव्हर काढला आणि गाडीच्या कुशीत डोकं घातलं. बराच वेळ आतून आवाज आला नाही. मग त्यांनी डोकं बाहेर काढून विचारलं, "कार्बोरेटर कुटं हाय?"

"या गाडीला नसतो, मावशी," सर म्हणाले.

"नसतोय म्हंजे? इकला?"

सरांनी वर्गात समजावून सांगतात तसं समजावून सांगायला सुरुवात केली. सेन्सर, कॉम्प्युटर, पंप, इंजेक्शन. मावशी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. सरांना वाटलं, किती एकाग्रतेनं ऐकतायत. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि त्ये तुमचं कॉम्प्युटर बिगाडलं तर?"

"तर शोरूममध्ये लॅपटॉप लावून बघतात."

"म्हंजे आमी उगडून बगायचं न्हाई."

"नाही. तशी गरजच पडत नाही."

"अवो सर," मावशी म्हणाल्या, "जिला जित्ती ऱ्हायाला रोज इंजेक्शन लागतंय ती आजारीच की. आनी आजारी पोरगी आमच्या गळ्यात बांधताय, आनी वर म्हंताय पोट उगडून बगू नका." एवढं बोलून त्यांनी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. सरांनी निदान चालू करून तरी ऐका म्हणून किल्ली फिरवायला घेतली, तर मावशींनी हात वर केला. "नगं. जिला कार्बोरेटर न्हाय तिचं ऐकायचं काय?" सरांची क्लासमधली तीन-चार पोरं जिन्यात उभी राहून हे बघत होती. सरांनी एवढा अपमान बोर्डाच्या पेपरातसुद्धा पाहिला नसेल.

सेक्रेटरींच्या गावी मात्र मावशी खुलल्या. प्रशस्त अंगण, एका बाजूला गोठा, मध्यभागी ती हिरवी गाडी धुऊनपुसून उभी. सेक्रेटरींच्या चपला सरळ झिजलेल्या होत्या आणि त्यांच्या बायकोनं गाडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मावशींनी फतकल मारून कार्बोरेटर उघडला. आत चांदीसारखा लख्ख. त्यांनी वास घेतला, प्रत्येक भोकात तार घालून बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्याला म्हंत्यात गाडी. दिसतंय सगळं. बगा, आरपार." मग कार्बोरेटर जागेवर बसवून त्या उठल्या, दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, "करा चालू."

सेक्रेटरींनी किक मारली. गाडी चालू झाली. मला इंजिनाच्या आवाजातलं काहीही कळत नाही. चालू आहे आणि बंद आहे, एवढे दोनच आवाज मला ओळखता येतात. पण त्या गाडीच्या पोटातून जे कड-कड-कड असं येत होतं ते मलाही कळलं. पत्र्याच्या डब्यात कुणी फरशीचे तुकडे घालून हलवावेत तसं. अंगणात झोपलेलं कुत्रं उठून गोठ्यामागे गेलं. सेक्रेटरी स्वतः हँडलकडे बघत होते, वर बघत नव्हते.

मावशी मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून उभ्या होत्या. पण मी त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले नव्हतेच. त्या पापण्यांच्या फटीतून गाडीच्या पलीकडे बघत होत्या, जिथं नेहमी मालक उभे असायचे तिथं. त्या जागी त्या दिवशी सेक्रेटरींची म्हैस बांधलेली होती. मावशींची नजर तिथं गेली, इकडेतिकडे फिरली, परत तिथं आली. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी येऊन गेलं. तेवढ्यात माशी बसली म्हणून म्हशीनं मान हलवली.

"पास," मावशी म्हणाल्या. "आवाज कसा लोन्यासारका हाय."

सगळं अंगण गप्प होतं, ती गाडी सोडून. सेक्रेटरींनी चटकन वर बघितलं, आधी मावशींकडे, मग माझ्याकडे. मालकांनी तापात सांगितलेलं वाक्य मला तेव्हा कळलं. सरांच्या तोंडाकडे टक लावून बघणं कळलं. गेली काही वर्षं मावशींचा आवाज एवढा का चढला होता तेही कळलं. कोल्हापुरात मोठ्यानं बोलणारं माणूस बहिरं झालंय, असा संशय कुणाला येणार? आणि त्यांच्यापुढे दुसऱ्याला बोलायची पाळीच यायची नाही, त्यामुळे त्यांना ऐकू येतंय की नाही हे तपासायला वावच नव्हता.

आता पंचाईत माझी. गाडी घ्यावी तर ती मला कागलच्या अलीकडेच सोडून जाणार. आवाज खराब आहे म्हणावं, तर मावशींच्या कानाची अब्रू त्या परक्या अंगणात, सेक्रेटरींच्या बायकोसमोर जाणार, आणि संध्याकाळपर्यंत हुपरीला पोचणार. मावशी माझ्याकडे बघत होत्या. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणालो, "मावशी, मला हिरवा रंग चालत नाही."

"काय चालत न्हाय?"

"रंग. मला लाल पाहिजे."

मावशींनी चष्मा काढला. सेक्रेटरींच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. यानंतर मावशी जे बोलल्या ते सुरुवातीला मराठीत आणि नंतर कानडीत होतं. त्यातलं मला कळलेलं एवढंच की आमच्या सासऱ्यांनी मुलगी देताना नीट चौकशी केली नव्हती.  आम्ही निघालो तेव्हा सेक्रेटरी फाटकापर्यंत आले आणि त्यांनी आपणहून माझा हात हातात घेऊन सोडला.

मावशींना घरी सोडलं. त्या हातपाय धुवायला मागे गेल्या तेव्हा मी मालकांच्या उशाशी बसलो आणि हळू आवाजात त्या गाडीची नक्कल करून दाखवली. कड-कड-कड. मालकांनी डोळे मिटले. "कनेक्टिंग रॉड. इंजनच खोलाय लागतंय," ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "काय म्हनली ती?"

"पास म्हणाल्या."

"आनी तुमी?"

मी सांगितलं. ते ताप विसरून खांदे हलवत हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "चार वर्सं झाली. डावा पार गेलाय, उजव्यात थोडं हाय." मग त्यांनी जे सांगितलं ते असं. एकदा गाडी बघताना त्यांच्या लक्षात आलं की हिला आवाज लागत नाही आणि ही आपल्याकडे बघतेय. गाडी चांगली होती, आणि त्यांनी सहज टॉवेलनं तोंड पुसलं. ही म्हणाली, पास. त्यानंतर चांगल्या गाडीला ते तोंड पुसायचे आणि वाईट असली तर टॉवेल खांद्यावरच ठेवायचे. "त्यावर आमी कवा बोललो न्हाय," मालक म्हणाले. "मी पुसतोय, ती बगती. तुमीबी काय बोलू नका तिला." मागच्या दारातून मावशींचा आवाज आला, "काय कुजबूज चाललीय तिथं?" ते आम्हाला बघून म्हणाल्या की काय, कोण जाणे.

मी लाल गाडी घेतली. सरांनी मला ती जरा घाबरतच विकली. त्यानंतर दीड-दोन वर्षं आमच्या नात्यातलं एकही लग्न, बारसं, वास्तुशांत अशी गेली नाही जिथं मावशींनी माझी ओळख करून दिली नाही. "ह्ये आमचं रंगावर गेल्यालं जावई." बायकोच्या आतेबहिणी मला बघून लाल साड्या नेसल्याचा भास मला व्हायला लागला. थंडीत सकाळी बाकीचे पाहुणे चोक ओढून किका मारत घामाघूम व्हायचे आणि माझी गाडी एका बटणावर चालू व्हायची, तर मावशींना तेही खटकायचं. "जरा तरास दिल्याबिगर चालू व्हती ती गाडी न्हवंच," त्या म्हणायच्या. माझ्या गाडीवर त्या बसल्या नाहीत. शेजारून रिक्षानं जायच्या आणि रिक्षातून माझ्याकडे बघायच्या. मी एकदा बायकोला खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "असू दे. तुम्हाला लालच पाहिजे होती की."

मग एकदा हुपरीला त्यांच्या थोरल्या भावाकडे जेवायचं होतं. मालक आदल्या दिवशीच पुढे गेले होते. मावशींना बसमध्ये बसवून मी मागून गाडीवर जाणार होतो. स्टँडवर बस काही लागेना. तासभर थांबल्यावर मावशी स्टँडबाहेर आल्या, माझ्या गाडीवर बसल्या आणि मांडीवर पिशवी घेतली. शहर मागे पडलं, दोन्हीकडे ऊस लागला. एका झाडाखाली त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि गाडी थांबवायला लावली. त्या उतरल्या. "बंद करू नका," म्हणाल्या, आणि पेट्रोलच्या टाकीवर तळहात पसरून ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "सेक्रेटरीच्या गाडीत काय वाजत हुतं?"

मी म्हणालो, "कनेक्टिंग रॉड."

"लई?"

"लई."

त्यांनी मान हलवली. रस्त्यावरून उसाची एक बैलगाडी गेली, ती जाईपर्यंत त्या थांबल्या. "मला घरी गेल्यावर कळलं," त्या म्हणाल्या. "मालकांचं तोंड बगून. पर तवर सेक्रेटरीच्या दारात तुमची रंगावरनं लाज काडून झालती. मग आता काय करायचं? चालू ठिवलं तसंच." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "मालकास्नी सांगू नका, म्या इचारलं म्हनून." नाही सांगत, मी म्हणालो. त्यांचा हात अजून टाकीवरच होता. "हिचं हाताला कायतरी लागतंय. बारीक," त्या म्हणाल्या. "आवाज कसा हाय हिचा? सांगा की."

मला काय सांगता येणार? मी म्हणालो, "शेजारच्या घरात कुणी शिलाई मशीन चालवतंय, तसा."

"हाताचं का पायाचं?"

"पायाचं."

"तेल घातल्यालं?"

"घातलेलं."

त्यांनी विचार केला. "मग बरी हाय," म्हणाल्या आणि परत मागे बसल्या. एका बाजूला पाय सोडून बसलं की उजवा कान पुढे, माझ्याकडे येतो, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. चढ लागला तेव्हा त्यांनी माझ्या खांद्याला बोट लावलं. "आता?" मी मान वळवून ओरडलो, "आता जरा जड, मावशी. जाडं कापड घेतल्यासारखा." उतारावर पुन्हा बोट. "आता?" "आता मोकळा. दोरा तुटल्यासारखा." उसातल्या बायका काम थांबवून बघायला लागल्या. पट्टणकोडोली गेलं, आणखी एक चढ झाला, एक खड्ड्यांचा तुकडा झाला. प्रत्येक ठिकाणी मला नवं काहीतरी शोधावं लागत होतं आणि शेवटी माझा घसा बसला. हुपरीत त्यांच्या भावाच्या दारात मी गाडी लावली आणि किल्ली फिरवली. आतल्या चांदीच्या कामाची ठकठक बाहेर येत होती. मालक टॉवेल सावरत ओट्यावर आले.

माझ्या खांद्याला परत बोट लागलं. "आता?"

"आता बंद केली, मावशी."

"व्हय?" त्या म्हणाल्या. त्यांचा डावा हात मागच्या कॅरिअरवर तसाच होता. "माझ्या हाताला आजून लागतंय."

त्या उतरल्या नाहीत. मीही दोन्ही पाय जमिनीला टेकून, गाडी सरळ धरून, तसाच बसून राहिलो.